वारं बघून गाडी काढा

कोल्हापुरातल्या दोन दोस्तांनी कोकणात जायचं ठरवलं की पहिला वाद घाटावरून होतो. एक म्हणतो गगनबावड्यातून उतरू, दुसरा म्हणतो आंब्यातून. त्यात एक संध्याकाळ जाते. दुसरी संध्याकाळ मुक्काम कुठं आणि मासे कुठले भारी यावर जाते. वाऱ्याचं नाव कुणी काढत नाही. डिसेंबर-जानेवारीत दुचाकीवरून किनाऱ्यानं फिरताना माणसाला दमवतं ते मात्र वारंच. घाट तासाभरात संपतो, वारं दिवसभर अंगावर असतं.

‘कोकणात कसली आलीय थंडी?’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. रत्नागिरी-मालवणात खोलीत झोपणाऱ्यासाठी ते बरोबरही आहे. तिथं भर जानेवारीतही पहाटेचा पारा सहसा अठरा-वीसच्या आसपास राहतो. पण तुम्ही निघता कोल्हापुरातून, साडेपाचशे मीटर उंचीवरून, चौदा-पंधरा अंशांत, पंचगंगेवरच्या धुक्यातून. वर ताशी पन्नास-साठच्या वेगाचं वारं तुमची गाडीच तयार करते. थंडीचा हिशोब करायचं सूत्र सांगतं की हवा 10 अंश असेल आणि ताशी 60 किलोमीटरचं वारं लागत असेल, तर उघड्या कातडीला ती 5 अंशांसारखी बोचते. म्हणून मलकापुरात चहाला थांबल्यावर कपाची मूठ धरवत नाही. त्यानंतर किनाऱ्यावर भेटतं ते समुद्राचं वारं. ते तितकं थंड नसतं, पण थांबत नाही.

हा लेख दुचाकीवरून जाणाऱ्या दोघांसाठी आहे. चारचाकीवाल्यांनी कपड्यांचा भाग सोडून बाकीचा वाचावा.

दिशा वाऱ्यावरून ठरवा

शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलेले असतात. परीक्षा झाली की आपण ते विसरतो. किनाऱ्यावरच्या माणसाचा दिवस मात्र त्यांच्यावरच चालतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे वारं जमिनीकडून समुद्राकडं वाहतं. हे मतलई. ते हलकं, कोरडं आणि गार असतं. सूर्य वर आला, कातळ तापला की गणित उलटतं आणि समुद्राकडून खारं वारं येऊ लागतं. हिवाळ्यात त्याला उत्तरेचा जोर मिळतो. त्यामुळं साधारण अकरा-बारापासून सूर्यास्तापर्यंत आपल्या किनाऱ्यावर वायव्येचं वारं असतं आणि दुपारी दोननंतर त्याला चांगलीच धार येते. दिवस मावळला की ते पडतं.

यातून प्रवासाचा पहिला नियम निघतो. किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडं करा. म्हणजे आंबा घाटातून रत्नागिरीत उतरायचं, तिथून पावस, जैतापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ला असं खाली सरकायचं आणि आंबोलीतून वर यायचं. दुपारचं वारं मग उजव्या खांद्यामागून येतं, गाडीला हातभारच लावतं. हाच फेरा उलटा केला तर रोज दुपारी तेच वारं छातीवर घ्यायचं. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर दोघं आणि सामान असेल तर सड्यावर चौथ्या गिअरला गाडी रडते, पेट्रोल जास्त जातं आणि संध्याकाळी मान अशी आखडते की समुद्राकडं बघायला सगळं अंग वळवावं लागतं.

दुसरा नियम वेळेचा. गाडी चालवायची ती सकाळी साडेसात ते बारा. दुपार भिंतींच्या आत घालवायची. किल्ला, देऊळ, जुनं घर, खानावळ यांसाठी दुपार ठेवा. चारनंतर जमलं तर तीस-चाळीस किलोमीटर, त्याहून जास्त नको. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि कोकणातल्या आडरस्त्यांवर अंधार पडला की पडलाच. सागरी रस्त्यावर सरासरी ताशी तीस किलोमीटरच धरा. मोबाइलवरचा नकाशा दोन तास सांगेल, तुम्ही तीन समजा. रस्ता सतत खाडीवर उतरतो, पूल ओलांडतो, परत सड्यावर चढतो. मधूनच एखाद्या वाडीत एवढा अरुंद होतो की समोरून एसटी आली तर कुणाच्या तरी अंगणात गाडी घालावी लागते.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. कोकण म्हटल्यावर माडांची सावली डोळ्यांपुढं येते, पण दक्षिण रत्नागिरी आणि देवगड तालुक्यात निम्मा रस्ता या सड्यांवरून जातो. वाळकं गवत, काळा कातळ, अधूनमधून आंब्याची कलमं आणि आडोसा कुठं नाही. वारं इथं खरं समजतं. बाजूनं झोत आला की माणूस घाबरून हँडल आवळतो, मग झोताचा धक्का हातातून थेट चाकात जातो. पकड सैल ठेवा, कोपरं वाकवा, टाकीला गुडघे लावा, वेग पन्नासच्या खाली आणा. गाडी थोडी वाऱ्याकडं कलते, तिला कलू द्या. सावध राहायच्या जागा तीन. खोदलेल्या रस्त्याची दरड संपते ती जागा, खाडीच्या पुलाचं तोंड आणि समोरून येणारा चिऱ्यांचा ट्रक. ट्रकमुळं क्षणभर वारं अडतं आणि तो गेला की दुप्पट आदळतं.

गाडी लावायचीही रीत आहे. साइड स्टँड डावीकडं असतो आणि गाडी डावीकडं कलते. म्हणून वारं उजवीकडून येईल अशी गाडी उभी करायची, म्हणजे ते तिला स्टँडवरच दाबतं. उलट लावली तर आंबोळगडच्या टोकावर तुम्ही फोटो काढत असताना मागून धाडकन आवाज येणार. गाडी गिअरमध्ये ठेवा. हेल्मेट आरशावर अडकवू नका, हातात घ्या. पुळणीवर स्टँड रुततो, त्याखाली चपटा दगड घाला, दगड नसेल तर नारळाचं सोडण चालतं. आणि माडाखाली गाडी कधीही लावू नका, सावली कितीही गार असो. वारं सुटलं की नारळ पडतोच असं नाही, पण वाळलेलं झावळ पडतं. त्याचा बुंधा सीटवर किंवा डोक्यावर बसला की सहलीचा हिशोब दवाखान्यात होतो. तिथल्या कुठल्याही घरी बघा, त्यांची स्वतःची गाडी माडाखाली नसते.

अंगावर काय घालायचं

एकच जाड जॅकेट घेऊन निघणारा आंब्यापर्यंत कुडकुडतो आणि हातखंब्यात घामानं भिजतो. पदर हवेत. आत सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर आणि सगळ्यांवर वारं न शिरणारं काहीतरी. यासाठी महागडं काही घ्यायची गरज नाही. पावसाळ्यातला रेनकोट काढा. वारं अडवायला त्याच्यासारखं स्वस्त काही नाही. तरीही छातीला गार लागत असेल तर जुना, घरगुती पण हमखास उपाय करा. शर्ट आणि स्वेटरच्या मधे वर्तमानपत्र उभं घाला. कालचा ‘पुढारी’ चालतो. साखरप्यात उतरल्यावर तो काढून वाचताही येतो.

हातमोजे, कानटोपी किंवा मफलर आणि बूट लागतातच. कोल्हापुरी चप्पल आपला अभिमान आहे, पण थंडीत गिअर टाकताना अंगठा बधिर होतो. ती पिशवीत ठेवा, वेंगुर्ल्याकडं तिचा विषय पुढं येणारच आहे. मफलरचं टोक आत खोचा, पाठीमागं फडकू देऊ नका. ते चाकात गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो. हेल्मेट दोघांनाही हवं आणि त्याची काच पारदर्शक असावी. काळ्या काचेवर संध्याकाळी काही दिसत नाही. किनाऱ्यावर दोन तासांत काचेवर खारट थर बसतो. तो कोरड्या फडक्यानं पुसला की ओरखडे पडतात. आधी गोडं पाणी ओता, मग पुसा.

वाऱ्याची एक लबाडी लक्षात ठेवा. गार वाटतं म्हणून ऊन लागत नाही असं नसतं. घाम येतो तसा वाळतो, म्हणून तहानही कळत नाही. दुपारी डोकं दुखायला लागतं आणि दोष उन्हाला किंवा आदल्या रात्रीच्या जेवणाला जातो. तासाला एकदा थांबून पाणी प्या. मानेची मागची बाजू झाका. ओठांना रात्री तूप किंवा व्हॅसलीन लावा.

गाडीबद्दल थोडक्यात. उद्यमनगरातल्या तुमच्या नेहमीच्या मेस्त्रीला चार दिवस आधी दाखवा, निघायच्या आदल्या संध्याकाळी नको. ब्रेक, टायर, चेन आणि हेडलाइट बघून घ्या. सामान मागं उंच रचू नका, वारं त्याचं शीड करतं. दोन्ही बाजूंना, खाली, सारख्या वजनाच्या पिशव्या घाला. पंक्चरचं किट जवळ ठेवा. पेट्रोलची टाकी निम्म्यावर आली की पुढच्या पंपाची वाट बघू नका, दिसेल तिथं भरा. रोख पैसेही असू द्या. सड्यावर मोबाइलला रेंज असते, खाली वाडीत उतरलात की जाते. आणि पैसे द्यायची वेळ नेमकी वाडीतच येते.

निघताना

पहाटे चारला निघायची हौस सोडा. हिवाळा म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात ऊस गाळपाचा हंगाम. रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. कित्येकांच्या मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर लोंबणारे उसाचे वाढे, आणि ड्रायव्हरनं गाणी एवढ्या जोरात लावलेली की तुमचा हॉर्न त्याला ऐकू जाणं शक्य नाही. धुक्यात त्यातला एक समोर अचानक उभा राहतो. माझ्या मते घाटातल्या कुठल्याही वळणापेक्षा हा धोका मोठा आहे. उजाडू द्या. सातला शिवाजी पूल ओलांडला तरी वाघबीळ, बांबवडे, मलकापूर करत नऊच्या आसपास आंब्यात पोहोचता येतं. तोवर घाटातलं धुकं विरलेलं असतं आणि खाली साखरप्याकडं उतरताना स्वेटर काढावासा वाटतो. या महामार्गाच्या रुंदीकरणामुळं जागोजागी वळवलेला रस्ता आणि तांबडी धूळ भेटू शकते. निघायच्या आदल्या दिवशी त्या बाजूच्या एखाद्या ट्रकवाल्याला विचारा, मोबाइलपेक्षा त्याला ताजं माहीत असतं.

ज्यांना तीनच दिवस आहेत त्यांनी रत्नागिरी सोडावी. 55 किलोमीटरवरचं गगनबावडा गाठून खाली वैभववाडीकडं उतरावं, देवगड ते मालवण एवढाच किनारा करावा आणि फोंडा घाटानं राधानगरीमार्गे परतावं. गगनबावड्यातून खाली दोन घाट जातात, करूळ आणि भुईबावडा. करूळ घाट जानेवारी 2024 पासून कामासाठी बराच काळ बंद होता आणि सगळी वाहतूक भुईबावड्यानं चालली होती. म्हणून कुठला घाट सुरू आहे याची खात्री करूनच निघा. फोंड्याच्या वाटेवर दाजीपूरचं जंगल लागतं. राधानगरी अभयारण्य 1958 सालचं, राज्यातलं पहिलं, आणि तिथला गवा वाहतुकीचे नियम पाळत नाही. संध्याकाळनंतर त्या रस्त्यावर दुचाकी नकोच.

दोस्ताशी आधी बोलून घ्या

दोस्ती रंकाळ्यावर भेळ खाताना वेगळी असते आणि दुपारी दोनच्या वाऱ्यात सड्यावर वेगळी. चार गोष्टी निघण्याआधीच बोलून टाकाव्यात. पैशांची काँट्री आधीच काढा. दोघांनी सारखी रक्कम एका पाकिटात टाकायची आणि सगळा सामायिक खर्च त्यातून करायचा. पाकीट संपलं की परत भरायचं. ‘तू पेट्रोल टाक, मी जेवणाचं बघतो’ हा हिशोब मालवणात पापलेटच्या ताटाशी बिघडतो.

एकाच गाडीवर असाल तर दर तासाला हात बदला. मागं बसणाऱ्याला जास्त गार लागत नाही, पण झोप येते, आणि झोपलेला माणूस वळणावर उलट्या बाजूला कलतो. वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नाही. दोघंही ‘काय?’ ‘काय?’ करत ओरडतात आणि पुढचा मान वळवतो, तिथंच घोटाळा होतो. म्हणून खांद्यावरच्या थापा ठरवून घ्या. एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब, बरगडीत बोट म्हणजे बघ काय भारी दिसतंय. तिसऱ्या खुणेचा मोह मागच्यानं आवरावा.

दोन गाड्या असतील तर नियम एकच. फाट्यावर पुढच्यानं थांबायचं, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. कोकणात फाटे फार आणि पाट्या कमी. वेगाची हौस ज्याला कमी आहे त्याला पुढं ठेवा. तो आपोआप दोघांचा वेग ठरवतो. आणि दारूचा विषय. शिरोडा-रेडीपर्यंत गेलात की तेरेखोलच्या पलीकडं गोवा खुणावतो. जे काय करायचं ते मुक्कामाला गाडी लावल्यावर, चावी घरमालकाकडं देऊन. यावर मी वाद घालत नाही.

रत्नागिरीपासून खाली

पहिल्या दिवशी दुपारी रत्नागिरीत पोहोचाल तेव्हा वारं सुरू झालेलं असेल. अशा वेळी भाट्याच्या पुळणीवर जाऊन तोंडात वाळू घेण्यापेक्षा थिबा राजवाडा बघा. इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला 1885 मध्ये पदच्युत करून इथं आणून ठेवलं. हा वाडा 1910 मध्ये तयार झाला आणि 1916 मध्ये राजा इथंच वारला. रत्नदुर्गावर जायचं ते पाचनंतर.

दुसऱ्या दिवशीचा सकाळचा टप्पा या सगळ्या वाटेतला सगळ्यात सुंदर आहे, म्हणून त्याची घाई करू नका. भाट्याचा पूल ओलांडून पावस, मग मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगड, पूल ओलांडला की गावखडीचं सुरूबन. सकाळी मतलई वारं असल्यानं समुद्र सपाट असतो. पुढं कशेळीत कनकादित्याचं देऊळ आहे. कोल्हापूरकरानं इथं मुद्दाम थांबावं. पन्हाळ्याच्या शिलाहार भोज राजानं बाराव्या शतकाच्या अखेरीस या गावाबद्दल दिलेला ताम्रपट प्रसिद्ध आहे. घाटावरचा राजा आणि किनाऱ्यावरचं सूर्याचं देऊळ, ही ये-जा आपल्याआधी आठशे वर्षांची आहे. गावाजवळच्या सड्यावर कातळात कोरलेलं भलं मोठं हत्तीचं चित्र आहे. कोकणातल्या अशा कातळशिल्पांचा जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झालेला आहे. शिल्पावर पाय देऊ नका, बूट काढूनही नाही. देवघळीच्या कड्यावर मात्र दुपारी जाऊ नका. तिथं वारं खालून वर येतं आणि कठड्यावर वाकून फोटो काढणाऱ्याचा तोल तेवढ्यानं जातो.

आडिवरे, जैतापूर करत पुढं गेलात की विजयदुर्ग दिसायला जवळ आणि जायला लांब. मधे वाघोटणची खाडी आहे, तिला वळसा घालावा लागतो. हा वळसा वाया जात नाही. खाडीच्या आतल्या अंगाला गिर्ये इथं मराठी आरमाराची गोदी आहे. गलबतं तिथंच का नेली ते दुपारी तिथं उभं राहिल्यावर पुस्तकाशिवाय कळतं. बाहेर समुद्रावर लाटा फुटत असतात आणि आत पाणी शांत. किल्ल्यात तटाच्या आतून फिरा, बुरुजावर टोपी हातात धरा. जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यातला पन्हाळा तुम्ही निघताना डाव्या हाताला सोडून आलात, विजयदुर्ग आज बघितलात आणि सिंधुदुर्ग उद्या.

पडेल कँटीनवरून देवगडला जा आणि मुक्काम तिथं करा. संध्याकाळी पवनचक्की गार्डनला जायला हरकत नाही. पवनचक्क्या उभारायला ही जागा का निवडली हे तिथं पोहोचताच केस सांगतात. वाटेत हापूसच्या बागा लागतील. थंडी बरी पडली तर याच दिवसांत मोहोर धरतो आणि फवारणी चालू असते. वाऱ्यानं औषध रस्त्यावर येतं, तेव्हा काच खाली करून, न थांबता निघून जा.

देवगड ते मालवण हा सकाळचा छोटा टप्पा. कुणकेश्वर, मिठबाव, आचरा. मालवणात सिंधुदुर्गाच्या होडीसाठी शक्यतो सकाळी लवकर उभं राहा. दुपारी पाणी उसळतं, होडी धक्क्याला लागताना आपटते आणि वारं वाढलं तर फेऱ्या बंद करतात. नावाडी नाही म्हणाला तर दुसरा शोधत फिरू नका. पहिल्याला कळतं म्हणूनच तो नाही म्हणतोय. लाइफ जॅकेट घालून बसा. पोहता येत असलं तरी अनोळखी पुळणीवर, विशेषतः दुपारनंतर, गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. नदीत पोहणाऱ्याचा आत्मविश्वास समुद्रात कामाचा नाही.

मालवणच्या मुक्कामासाठी नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा टाळा. भाव दुप्पट आणि तारकर्लीचा रस्ता तुंबलेला. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीखही विचारून घ्या. ती कुठल्याही पंचांगात ठरलेली नसते, दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दिवसांत मालवणात खोली सोडा, गाडी लावायला जागा मिळत नाही. बाकी हिवाळाभर गावोगाव जत्रा असतात आणि रात्री देवळापुढं दशावतार. नाटक उशिरा सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं आणि उघड्यावर असतं. बसायला चटई आणि अंगावर घोंगडी न्या. एकदा राक्षस पेटीच्या सुरावर आला की थंडी तासभर विसरते.

जेवणाबद्दल एवढंच सांगतो, बाकी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सुरमई मागण्याआधी ‘आज होड्या गेल्या होत्या का?’ विचारा. दोन दिवस वारं जोरात असेल तर बारक्या होड्या जात नाहीत आणि ताटात बर्फातला मासा येतो. अशा दिवशी कोंबडी-वडे किंवा काळ्या वाटाण्याची उसळ घ्या. तिखट नाही म्हणून खानावळीत कुरकुर करू नका, तांबड्याची तुलना तर अजिबात नको. सोलकढी शेवटी प्या. सकाळी निघताना घावणे किंवा आंबोळी पोटभर खा, पण होडीत बसणार असाल तर अर्धपोटी बरं.

मालवणहून परुळे, म्हापण करत वेंगुर्ल्याला जा. तिथून पुढं आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. देव रात्री गावची राखण करत फिरतो आणि त्या झिजवतो अशी श्रद्धा आहे. कोल्हापूरकर त्या चपलांच्या रांगेपुढं उभा राहून शिलाई तपासतो, हे मी पाहिलंय. शेजारच्या शिरोड्यात मिठागरं आहेत, 1930 चा मिठाचा सत्याग्रह तिथला. वि. स. खांडेकर याच गावात 1920 पासून शिक्षक होते आणि 1938 मध्ये कोल्हापुरात आले. मिठागरांच्या बांधावर दुपारचं वारं काय असतं ते बघायचं असेल तर पाच मिनिटं थांबा, पण गाडी रस्त्यावरच ठेवा.

परतीला वेंगुर्ल्याहून सकाळी निघून सावंतवाडीमार्गे आंबोली चढायची. घाट दहा ते दोनच्या मधे करा. त्याआधी धुकं आणि दंव असतं, वळणावर शेवाळलेल्या कडेला चाक सरकतं. संध्याकाळी परत धुकं उतरतं. वर चौकुळ फाट्याकडं जाताच हवा बदलते. म्हणून घाट चढायला लागण्याआधी, खाली दाणोलीतच स्वेटर आणि रेनकोट चढवा. घामेजलेल्या अंगानं वर जाऊन मग कपडे शोधत बसलात की सर्दी ठरलेली. आजरा-गडहिंग्लजच्या पट्ट्यात परत उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, तेव्हा उजेडातच कागल गाठा. काँट्रीच्या पाकिटाचा हिशोब आंबोलीच्या चहावर मिटवा, घरी पोहोचल्यावर कुणी काढत नाही आणि मनात मात्र राहतो.

दुसऱ्या दिवशी आळस न करता गाडी गोड्या पाण्यानं खालून धुऊन घ्या, चेन रॉकेलनं साफ करून तिला तेल द्या, ब्रेकच्या डिस्कवर तेल उडू देऊ नका. खारं वारं लोखंडात शिरायला आठ दिवस लागत नाहीत.